लेगगार्ड घेऊन भिलाईला

काशीहून आलेल्या बाईकडे आळीतल्या बायका गंगाजल मागतात. मी भिलाईहून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं देऊळ कुठलं हो?" म्हटलं, देऊळबिऊळ काही नाही, मी भांडायला गेले होते. त्यांना ते काही पटेना. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं.

साताऱ्याला आमचं बारा बायकांचं शिवणमंडळ आहे. परकर-पोलकी शिवणाऱ्या मंडळांना तोटा नाही. आम्ही चामडं शिवतो. ओतकामाच्या कारखान्यांत लागणारे हातमोजे, एप्रन आणि लेगगार्ड. लेगगार्ड म्हणजे गुडघ्यापासून बुटापर्यंत पाय झाकणारं जाड चामडं. तापल्या लोखंडाचा थेंब उडाला तर तो कातडीवर न पडता त्यावर पडावा, एवढंच त्याचं काम. चामड्याला हात लावते म्हणून दोन घरांतून मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. न येवो. पण आठ वर्षांत माझ्या हातचा एक तुकडा कोणी परत पाठवला नव्हता.

भिलाईच्या पोलाद कारखान्यानं पाठवला. एक नव्हे, गठ्ठाच्या गठ्ठा. नागपूरच्या ज्या व्यापाऱ्यामार्फत माल गेला होता त्यानं वर चिठ्ठी जोडली, "बायकांचं काम, तरी मी म्हणत होतो." आत कारखान्याच्या सुरक्षा विभागाचं पत्र होतं, बक्षी नावाच्या अधिकाऱ्याच्या सहीचं. शिवण उत्तम आहे, पण वापरता येणार नाही. कारण पत्रात समजावणं अवघड आहे, जमल्यास येऊन पाहावं. शिवण उत्तम आणि वापरता येणार नाही! म्हणजे पोळी झकास, पण खाऊ नका.

"पत्रानं भांड," असं आमच्या ह्यांचं मत पडलं. ह्यांची नोकरी पोस्टात, त्यामुळे जगातलं कुठलंही काम पत्रानं होतं अशी श्रद्धा. पण मंडळातल्या बायकांची तोंडं उतरली होती. हा माल कायमचा नाकारला गेला असता तर "बायकांचं काम" हा शिक्का आम्हांला जन्मभर पुरला असता. मी दोन जोड पिशवीत घातले, आरी, दाभण, तागाचा दोरा घेतला आणि निघाले.

दुर्ग

गाडी डोंगरगड सोडून पुढे गेली आणि माती लाल झाली. चैत्र लागायचा होता. पळस फुलून संपत आले होते आणि मोहाच्या झाडांखाली बायका-मुली वाकून टोपल्यांत फुलं वेचत होत्या. त्या फुलांचा गोड, जड वास डब्यात शिरला की माणसाला उगाच झोप येते.

दुर्गला मला उतरवून घ्यायला नामदेव रामटेके आला होता. नागपूरकडचा, तिशीच्या आतला, भट्टीवर काम करणारा. भिलाईत अजून धड उतरायची सोय नाही, तेव्हा तुम्ही रामटेक्यांकडे राहा, असं बक्षींनी कळवलं होतं. गडी उंचापुरा, पण चालताना डावा पाय जरा जपून टाकत होता. माझी पिशवी त्यानं हातातून ओढूनच घेतली.

"मावशी, तुमी एकल्याच आल्या? लय हिंमत हाये बापा तुमची."

"भांडायला एकटीच बरी," मी म्हटलं.

तो हसला. "मंग बक्षी साहेबासंगं भांडा. त्यायले भांडाले आवडते."

दुर्गपासून भिलाईपर्यंतचा रस्ता पाहून माझं भांडण निम्मं विसरलं. जिथं चार वर्षांपूर्वी भाताची खाचरं होती म्हणे, तिथं आता रेल्वेचे रूळ जाळीसारखे पसरलेले. सिमेंटच्या पोत्यांचे डोंगर, आकाशात घुसलेल्या चिमण्या, आणि माणसं तरी किती! पंजाबी ट्रकवाले, मल्याळी कारकून, तेलुगू फिटर, छत्तीसगडी मजूर, मध्येच टोपी घातलेला एखादा लालबुंद रशियन. एका भट्टीतून लोखंड वाहत होतं, शेजारी पुढच्या भट्ट्यांची कामं चालली होती. हे आपण बांधतो आहोत, हे मनात आलं आणि मी बसल्या जागी पदर सारखा केला. आळीत कोणाला सांगितलं असतं तर हसल्या असत्या, पण इथं सांगते.

रामटेक्यांचं घर टाऊनशिपमध्ये, दोन खोल्यांचं, नवं कोरं, चुन्याचा वास अजून न गेलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. नामदेवची बायको शांता दारातच पाणी घेऊन उभी. तिनं तांब्या पुढे केला आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ती काय पाहत होती ते मला कळलं. मी तांब्या घेतला, घटाघटा प्यायले आणि आणखी मागितलं. मग ती मोकळी झाली आणि जेवायला पाटोडीचा रस्सा असा झणझणीत केला की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिकट झालं का जी?" तिनं विचारलं.

"नाही, आनंदाश्रू आहेत," मी म्हटलं. सातारकरणीनं तिखटाला हार मानायची म्हणजे काय!

फाटकावर

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जायचं म्हणून मी ठेवणीतलं नायलॉनचं पातळ नेसले. भाच्यानं मुंबईहून आणलेलं, इस्त्री नको, चुरगळत नाही, आळीत अजून कोणाकडे नाही. साहेबाशी भांडताना बाई नीटनेटकी दिसली पाहिजे.

बक्षी साहेब फाटकालगतच्या कचेरीत बसले होते. मूळचे मराठीच, पण तीन पिढ्या दुर्गात काढलेल्या. बुटके, टक्कल पडलेले, बोलताना सतत टेबलावर बोट आपटणारे. मी लेगगार्डची पिशवी उघडणार, तोच ते माझ्या पदराकडे बोट करून म्हणाले, "देखिए बाई, हे पातळ घालून मी तुम्हाला आत नाही सोडू शकत."

माझा पारा चढला. "कारखान्यात बाईनं काय नेसायचं हे तुम्ही ठरवणार?"

"बिलकुल. बाईचं पण आणि माझं पण." त्यांनी ड्रॉवरमधून काड्यापेटी काढली. "एक धागा द्या ना पदराचा."

पदराच्या काठाला सुटलेला एक धागा मी तोडून दिला, जीवावर आलं तरी. त्यांनी सुताचा धागा पेटवला, तो भुरकन जळून गेला. लोकरीचा धरला, तो काळा पडला, केस जळाल्याचा वास आला आणि आपोआप विझला. मग माझा नायलॉनचा. तो पेटला कमी आणि वितळला जास्त. टोकाला तापल्या लाखेसारखा थेंब जमला आणि टेबलावर चिकटून बसला. बक्षींनी तो नखानं खरवडून दाखवला. निघेना.

"हा टेबलावर आहे म्हणून ठीक. कातडीवर असता तर कातडीबरोबर निघाला असता."

तासाभरात शांताचं जाडंभरडं सुती लुगडं नेसून, पदर कमरेला घट्ट खोचून परत आले. वरून त्यांनी मला भट्टीवरच्या माणसांचा लोकरीचा कोट चढवला. हात लावला आणि ओळखलं. हे तर आपलं घोंगडं! रशियन लोक थंडीसाठी घालत असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी ते आगीसाठी आणलं होतं. आमच्या माणदेशातल्या धनगरांना हे कळलं तर ते रशियाला जाऊन दुकान टाकतील.

"उन्हाळ्यात घोंगडं घालून राहिलो मावशी," नामदेव म्हणाला, "पयले आमी सारे नाई म्हनत होतो. पन ठिनगी पडली का जागीच मरून जाते."

आत शिरल्यावर बक्षींनी मला लेगगार्डबद्दल चकार शब्द काढू दिला नाही. आधी चालायला लावलं. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले होते. त्यांच्यामधून माणसांनी चालायचं, आणि त्या वाटेवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मी पट्ट्यावर पिशवी ठेवून घाम पुसायला थांबले तर एका कामगारानं ती उचलून गुमान माझ्या हातात दिली. प्रत्येक माच्याला उतरायचे जिने दोन, प्रत्येक खोलीला दारं दोन, तीही बाहेरच्या बाजूला उघडणारी. पिण्याच्या पाण्याचे माठ भट्टीपासून लांब, कारण वितळलेल्या लोखंडाखाली ओल सापडली की ते तोफेसारखं उडतं. एक रशियन इंजिनियर नव्या बांधकामाचा नकाशा पसरून उभा होता. तो नकाशावर बोट ठेवून आमच्या माणसांना परत परत एकच विचारत होता, आणि दुभाष्या हिंदीत सांगत होता, "दूसरा रास्ता किधर है?"

आपल्याकडे घर बांधताना चोर आत कसा येणार नाही हे आधी पाहतात. इथं माणूस बाहेर कसा पडेल हे आधी पाहतात. आमच्या मंडळाच्या खोलीला एकच दार आहे आणि त्याच्यामागे आम्ही चामड्याचे गठ्ठे रचतो. तिथल्या तिथं मला घाम फुटला, आणि तो भट्टीचा नव्हता.

"आता दाखवा तुमचे लेगगार्ड," बक्षी म्हणाले.

मी अभिमानानं काढले. प्रत्येकाला तीन पितळी बकलं, बकलावर पट्टी, पट्टीवर पुन्हा टाका. माणूस धावला, उडाला, पडला तरी सुटायचे नाहीत. नामदेवनं ते चढवले, वर जाड हातमोजे घातले. बक्षी म्हणाले, "काढ," आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. नामदेवची मोजे घातलेली बोटं पहिल्या बकलावरच घसरत होती. सात. आठ. अकराला पहिलं बकल सुटलं.

"आमचा नियम तीनचा आहे," बक्षी म्हणाले. "मोजे घातलेल्या हातानं, वाकून, तीनच्या आत. थेंब वरून नाही आला तर बुटाच्या फटीतून आत जातो. मग हेच चामडं त्याला आत धरून ठेवतं."

"असं कधी झालंय?" मी विचारलं. आवाज माझाच, पण जरा खाली आलेला.

बक्षींनी नामदेवकडे पाहिलं. नामदेव जमिनीकडे पाहत होता. मग त्यानं डावा बूट काढला आणि मोजा खाली सरकवला. घोट्याच्या वर रुपयाएवढा गुलाबी, चुरमडलेला डाग होता.

"तुमचा पयला जोड मीच घातलो होतो मावशी," तो म्हणाला. "माल लय पक्का. सुटेचना."

मी एका पेटीवर बसले. हा पोरगा मला घ्यायला दुर्गला आला होता, माझी पिशवी उचलून चालला होता, त्याच्या बायकोनं मला रस्सा वाढला होता, आणि दोघांनी एका शब्दानं हे सांगितलं नव्हतं.

"अरे, मग स्टेशनावरच का नाही बोललास?"

"तुमी इतक्या दुरून आल्या. कावून तुमाले आल्या आल्या दुःख द्याचं?"

भांडण तिथं संपलं. सुटू नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. ह्या पोराला ते सुटायला हवं होतं. आता साताऱ्याला परत जाऊन बायकांना तोंड दाखवायचं तर एकच गोष्ट करणं भाग होतं: तीनच्या आत निघेल, पण एरवी ठिणगी आत घेणार नाही, असं लेगगार्ड. बक्षी म्हणाले, "चार दिवसांनी सकाळच्या पाळीत रामटेके लोखंड सोडताना असणार आहे. तोवर तुमचं झालं तर तुमचं, नाही तर दुसऱ्याचं घेईन."

सुपेला

भिलाईलगतच्या सुपेल्याच्या बाजारात ताडपत्र्या शिवणारा एक कारागीर होता, त्याच्या ओट्यावर मी ठाण मांडलं. बाजार म्हणजे काय, बांबूच्या काठ्यांवर पत्रे, खाली लाल भाजीचे ढीग, सायकलींची दुरुस्ती, आणि ट्रक गेला की सगळ्यांवर लाल धूळ. सकाळी शांता डबा देई. एक दिवस तिच्या छत्तीसगडी शेजारणीनं बोरे-बासी दिली, रात्रभर पाण्यात भिजलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची. आपल्याकडे शिळा भात फोडणीला टाकतात; ह्यांनी तो पाण्यात ठेवून उन्हाचं औषध केलंय. पोटाला इतका गार वाटला की मी दुसऱ्या दिवशी मागून घेतला.

पण काम काही जमेना. एकच बकल लावलं, तर मोज्याच्या बोटाला सापडेना. नाडी लावली, तर तिची गाठ बसली. स्प्रिंगची पट्टी घातली, तर चालताना आपोआप सुटली. दोन दिवस गेले. कारागीर सभ्य माणूस, पण तोही माझ्याकडे दयेनं बघायला लागला. मला तर रडूच येत होतं, आणि रागही, की आठ वर्षं मी काय शिवत होते?

तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच एका घराचा पाया भरत होते. एक रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, सिमेंटची पोती फोडत होती. वय माझ्याएवढंच असेल, हातभर कथलाच्या बांगड्या. पोत्याचं तोंड मशीनच्या जाड शिवणीनं घट्ट बंद. ती चाकूही घेत नव्हती आणि दातही लावत नव्हती. दोऱ्याचं एक टोक शोधायची, ओढायची, आणि अख्खी शिवण सर्रकन उसवून पोत्याचं तोंड आ करून उभं राहायचं.

मी धावत गेले. "परत करून दाखव."

तिला वाटलं, ह्या बाईला वेड लागलं. पण तिनं दुसरं पोतं पुढे ओढलं, माझ्या हातात दोरा दिला आणि म्हणाली, "ए कोती ले खींच बाई, सर्र ले खुल जाही." म्हणजे ह्या बाजूनं ओढ, सर्रकन सुटेल.

दुसऱ्या बाजूनं ओढलं तर तीच शिवण तसूभर हलत नव्हती. ह्या बाजूनं ओढली, की सगळी मोकळी. साखळीचा टाका! उभं आयुष्य मी पोलक्यांवर आणि रुमालांवर हा टाका घातला होता, आणि तो एका बाजूनं उसवतो म्हणून त्याला नावं ठेवली होती.

संध्याकाळपर्यंत लेगगार्ड तयार झालं. बकलं काढून टाकली. एका कडेला चामड्याचे सहा फासे, दुसऱ्या कडेला सहा चिरा. प्रत्येक फासा चिरेतून बाहेर काढायचा आणि पुढचा त्याच्यातून ओवायचा, साखळीसारखा. शेवटच्या फाशातून एक रुंद जीभ आरपार, मोज्याच्या मुठीत मावेल एवढी. ती जागेवर आहे तोवर सगळं घट्ट. ती ओढली की एकामागून एक सहाही मोकळे. कड मागच्या बाजूला वळवली, म्हणजे ठिणगी समोरून शिरायला वाट नाही. खिसा नाही, दुमड नाही, पितळ नाही. दिसायला अगदी ओबडधोबड. आमच्या मंडळातल्या एखाद्या नवशिकीनं असं केलं असतं तर मी तिला उसवायला लावलं असतं.

रेजाला दाखवायला गेले तर तिनं जीभ ओढून पाहिली, पुन्हा ओवली, पुन्हा ओढली आणि खुदकन हसली. तिचं नाव फुलबासन. हे नाव मी मंडळाच्या वहीत लिहून ठेवलंय.

भट्टीपाशी

चौथ्या दिवशी सकाळी बक्षींनी पुन्हा मोजलं. पहिल्या खेपेला कोरं चामडं अडलं आणि पाच झाले. मी चिरा आरीनं रुंद केल्या, फाशांना तेल चोळलं. दुसऱ्या खेपेला बक्षी "दोन" म्हणायच्या आत लेगगार्ड जमिनीवर. त्यांनी नुसती मान हलवली. तो माणूस स्तुती करताना टेबल शोधतो, आणि तिथं टेबल नव्हतं.

मला वरच्या सज्जात, तारेच्या जाळीमागे उभं केलं. खाली वाळूत कोरलेले पाट भट्टीपासून निघून लांब गेलेले. नामदेव आणि त्याचे साथीदार लोकरीच्या कोटात, प्रत्येकाच्या मागे वाट मोकळी. मग भट्टीचं तोंड फोडलं.

मी दिवाळी पाहिली आहे, होळी पाहिली आहे, वणवाही पाहिला आहे. हे त्यातलं काही नव्हतं. पांढरा उजेड आधी आला, मग धग तोंडावर आदळली, आणि मग लोखंड पाण्यासारखं वाहायला लागलं, वळणं घेत, ठिणग्या उडवत. आपल्या देशाचं लोखंड, दल्लीच्या डोंगरातून आलेलं, आपल्या पोरांनी सोडलेलं. मी जाळी घट्ट धरून उभी होते आणि शेजारच्या अनोळखी कारकुनाला उगाचच सांगत होते, "तो डावीकडचा आमचा आहे. तो बघा, आमचा!"

तेवढ्यात पाटाच्या वळणावर काहीतरी फाटकन वाजलं. वाळूत कुठंतरी ओल राहिली असावी. लोखंडाचा एक शिंतोडा उसळला आणि नामदेवच्या डाव्या पायावर पडला. मी मनात मोजायला लागले. एक...

नामदेव वाकला, मुठीत जीभ धरली आणि ओढली. चामडं पायावरून गळून पडलं. तो मागच्या मोकळ्या वाटेनं तीन ढांगांत पिवळ्या पट्ट्याबाहेर गेला. दुसरा माणूस त्याच्या जागी उभा राहिला. लोखंड वाहतच होतं.

पाट रिकामे झाल्यावर मला खाली सोडलं. नामदेव बाकावर बसला होता. डॉक्टर येऊन गेला होता आणि त्याला करायला काही काम नव्हतं. मला पाहताच नामदेवनं पाय पुढे केला.

"मावशी, मोजा पाहा. डाग तरी हाये का?"

मी खाली बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि हात फिरवून पाहिलं. मोजा कोरडा, पांढरा, जसाच्या तसा. मग मात्र मी सगळ्यांच्या देखत रडले, आणि बक्षी दुसरीकडे बघत राहिले.

पलीकडे वाळूत ते लेगगार्ड पडलं होतं. मध्ये भोक पडलेलं, कडा वळलेल्या, धुरकटलेलं, सहाही फासे उघडे. माझ्या हातची शिवण वर्षानुवर्षं टिकली म्हणून लोकांनी मला शाबासकी दिली आहे. हे जेमतेम अर्धा तास टिकलं, आणि बायकांना दाखवायला तेच मी कागदात गुंडाळून साताऱ्याला आणलं.